येते हं

१

दुपारी दोन वाजले की सुनेत्रा कुकर उतरवायची, टी-शर्टलाच हात पुसायची आणि कॅनडात रात्रपाळीला बसायची.

बसायची म्हणजे सिंगापुरात, वुडलँड्समधल्या अकराव्या मजल्यावरच्या घरी, बेडरूममधल्या टेबलापाशी. खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे, खाली शाळेच्या बसेस, एकतीस अंशांचा घामट उकाडा; आणि समोरच्या स्क्रीनवर काळोख आणि बर्फ. मधे सोळा तासांचं अंतर. इथे दोन वाजले की कॅल्डर नावाच्या त्या डोंगरातल्या गावात आदल्या दिवसाचे रात्रीचे दहा वाजलेले असत. गाव ते केवढं, उणीपुरी अकराशे माणसं. शेती नाही, कारखाना नाही. हिवाळ्यात लांबलांबचे लोक स्कीइंगला येतात, आठवडाभर राहतात, खातात-पितात, एखाददुसरा पाय मोडून घेतो, आणि परत जातात. त्यांच्या येण्यावर ते गाव वर्षभर जगतं. या पाहुण्यांना भाड्याने द्यायची दहा लाकडी घरं सुनेत्राच्या कंपनीकडे होती. कॅनडातली रात्र सिंगापुरात भर दुपारी जागता येते, हे कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं आणि राखणीचं काम इकडे आलं.

काम तसं सोपं. प्रत्येक घराला दोन कॅमेरे, एक दारावर आणि एक आत; शिवाय गावाच्या मुख्य रस्त्यावर एक. पाहुणे आले की आतला आपोआप बंद होई. दाराशी एक स्पीकर, बोलायला आणि ऐकायलाही. कुणी उशिरा पोचलं तर गोड आवाजात स्वागत करायचं, कुलपाचा नंबर सांगायचा, हीटर वाढवायचा. रिकाम्या घराचा हीटर आठ अंशांवर ठेवायचा, नाहीतर नळ गोठून फुटतात. जिने थंडी म्हणून महाबळेश्वरचा एक डिसेंबर पाहिला होता, तिच्यावर ही जबाबदारी. तिचा नवरा प्रबोध बँकेत होता. तो तिला बर्फाची वॉचमन म्हणायचा.

सव्वादोनला मैत्रेयी शाळेतून यायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, आता स्वतः नऊ वर्षांची झालेली एकुलती एक लेक. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ती दोनदा पाय आपटायची, धप् धप्, पाऊस असो वा नसो. मग पांढरे बूट रॅकवर आणि ओरडून, "आई, आले." एवढे दोनच शब्द ती न सांगता मराठीत बोलायची. बाकी सगळं इंग्रजी, तेही वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' लावून. पण त्या दोन शब्दांवर सुनेत्राचा सगळा दिवस उभा असायचा. शाळेची बस दहा मिनिटं उशिरा आली तरी ती दाराबाहेर जाऊन उभी राहायची, आणि तसं ती कबूलही करायची.

रात्री आठला पाळी संपायची. संपवताना एकेका रिकाम्या घराचा स्पीकर उघडून काहीतरी बोलून बघायचं असा नियम होता. आवाज पोचला की स्क्रीनवर एक हिरवी पट्टी हलायची. सुरुवातीला सुनेत्रा टेस्टिंग, वन टू थ्री म्हणायची. पुढे कधी ते सुटलं आणि तोंडात आपलं नेहमीचं बसलं ते तिलाही कळलं नाही. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आईने लहानपणीच अंगात भिनवलेलं. जितकी घरं रिकामी तितक्या वेळा ती सांगायची, "चला, येते हं." ऐकायला होतं कोण तिथे.

२

त्या हिवाळ्यात कॅल्डरचं नशीब फिरलेलं होतं. आधीची दोन वर्षं बर्फ नीट पडला नाही, लोकांनी दुसरी गावं शोधली. या वर्षी बर्फ पडला, पोत्याने पडला, पण लोक आलेच नाहीत. जानेवारी अर्धा सरला तरी दहापैकी आठ घरं रिकामी.

गावात कंपनीची लोरेन नावाची बाई होती. किल्ल्या, साफसफाई, चादरी तिच्याकडे. सुनेत्राने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त तिचे मेसेज यायचे, आणि त्यात नमस्कार-चमत्कार काही नसे. "तीन नंबरचे पाहुणे आले नाहीत. तू त्यांच्याशी काय बोललीस?" नाहीतर, "नऊ नंबरचेही नाहीत. तुमच्या उन्हात बसून तुम्हाला काय कळणार." एकदा तिने लिहिलं, "सगळे म्हणतात येतो. मग येत नाहीत. या गावाला आता हे सहन होणार नाही." सुनेत्राला राग आला. पण बिचारीच्या गावाचं पोटच त्यावर, असं म्हणून तिने तो गिळला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सात नंबरचं घर गावाच्या टोकाला, झाडीला चिकटून. नोव्हेंबरपासून तिथे चिटपाखरू फिरकलेलं नव्हतं. दारापुढे गुडघाभर बर्फ साचलेला असायचा. त्या दुपारी सुनेत्राने बघितलं तर रस्त्यापासून दारापर्यंतची वाट साफ केलेली होती. नुसती साफ नाही. दोन्ही कडा सुरीने वडी कापावी तशा सरळ.

लोरेन आली असेल, म्हणून तिने आभाराचा मेसेज टाकला. उत्तर आलं, "सातला कोणी गेलेलं नाही. रिकाम्या घरासाठी फावडं कोण उचलेल?"

सुनेत्राने रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. एका क्षणी वाटेवर बर्फ होता, पुढच्या क्षणी नव्हता. मधे माणूस नाही, पाऊल नाही. कॅमेरे थंडीत अडखळतात, मधली दहा-वीस मिनिटं गिळतात, हे तिला माहीत होतं. शेजारचा कुणी भला माणूस असेल. गावाकडे असतात अशी माणसं.

आठ वाजता तिने नेहमीप्रमाणे स्पीकर तपासले. सात नंबरला "येते हं" म्हटल्यावर हिरवी पट्टी हलली, आणि तिचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ हलत राहिली.

३

बुधवारी सात नंबरचा हीटर एकतिसावर होता.

सुनेत्राने तो आठावर आणला. पाच मिनिटांनी पाहिलं, परत एकतीस. आतल्या कॅमेऱ्यात खोली दिसत होती: दगडी शेकोटी, गादीच्या दोन खुर्च्या, दाराशी पायपुसणं. सगळं जागच्या जागी. फक्त पायपुसण्यावर बर्फात घालायचे बायकी बूट होते, टाचा भिंतीकडे, नाकं दाराकडे, कुणी आल्याबरोबर पाय घालावेत असे. बुटांचा नंबर वाचता येण्याइतका कॅमेरा चांगला नव्हता. तरी तिला उगाच वाटलं की तो आपलाच असणार, आणि असं वाटल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली.

मग तिने बुकिंगचं पान उघडलं आणि जीव भांड्यात पडला. सात नंबरला पाहुणा होता. कालच नोंदलेला. पाहुणे एक. येण्याची तारीख नव्हती, जाण्याची जागाही कोरी. नाव इंग्रजीत, चार अक्षरी: वाय, ई, टी, ई. येट असेल, नाहीतर येती. तुर्की असेल की काय, असा विचार करत तिने ते नाव मनातल्या मनात दोन-तीनदा उच्चारलं.

तिसऱ्यांदा ते मराठीत वाचलं गेलं.

ती हसली. मोठ्याने हसली, खोलीत एकटी असून. मग अनिमेषला फोन लावला. अनिमेष नागपूरचा, ऑफिसात सगळी यंत्रं तोच बघायचा.

"अरे, तुझा तो स्पीकर माझं बोलणं ऐकून बुकिंग घेतोय. मी येते म्हटलं, तर येते नावाचा पाहुणा लिहून ठेवलाय."

"सुनेत्राताई, त्या स्पीकरला एवढी अक्कल नाही हो," अनिमेष म्हणाला. "तो फक्त आवाज पोचवतो. थांबा, बघतो." बराच वेळ कीबोर्ड वाजला. "हे स्पीकरने नाही केलं. गावातल्या आपल्या कंपनीच्या काउंटरवरून टाकलंय, हाताने टाइप करून. कुणीतरी तुमचं ऐकून लिहिलंय."

"तिथे कोण बसणार ऐकत? घर रिकामं आहे."

"तेच मी म्हणतोय," अनिमेष म्हणाला.

४

गुरुवारी मैत्रेयी गृहपाठ घेऊन आईच्या पलंगावर पसरली होती. बाहेर ढग गडगडत होते. सुनेत्राने ठरवलं होतं की आज सात नंबरचा स्पीकर उघडा ठेवून तासभर नुसतं ऐकायचं. कुणी असेल तर खोकेल, चालेल, दार लावेल. तिने ऐकलं. आधी वारा. मग वाराही नाही. खूप माणसं एका खोलीत श्वास धरून उभी राहिली की जशी शांतता होते तशी शांतता. रिकाम्या खोलीचा आवाज इतका भरलेला नसतो, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपण काय रिकाम्या खोल्यांच्या तज्ज्ञ लागून गेलो.

चार वाजता मैत्रेयीची ट्यूशन, समोरच्याच ब्लॉकमध्ये. ती दप्तर उचलून दाराकडे पळाली. "आई, आय गोइंग लाह."

"असं म्हणतात का?" सुनेत्रा सवयीने म्हणाली. कान स्क्रीनकडेच होते. "काय शिकवलंय?"

"आय लेट ऑलरेडी."

"होऊ दे लेट. नीट म्हण आणि जा."

मैत्रेयी परत दोन पावलं आत आली, टेबलाजवळ, आणि पाढा म्हणावा तसं मोठ्याने म्हणाली, "येते."

हिरवी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली. सुनेत्राने झडप घालून स्पीकर बंद केला. दार लागलं, लिफ्ट वाजली, पोरगी गेलीसुद्धा.

सुनेत्राने बुकिंगचं पान उघडलं नाही. उघडायचं नाही असं ठरवून ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली आणि उघडलं. पाहुणे दोन.

आतल्या कॅमेऱ्यात मोठ्या बुटांशेजारी लहान बूट होते. लालभडक. मैत्रेयीच्या आवडीचा रंग.

साडेपाचला दाराबाहेर धप् धप् झालं आणि "आई, आले" ऐकू आलं. सुनेत्राने पळत जाऊन पोरीला इतकं घट्ट धरलं की ती कळवळली.

५

प्रबोधने सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, चेष्टा केली नाही. जेवणाच्या ताटावर त्याने एकेक गोष्ट सोडवून दाखवली. गावातल्या कुणीतरी त्या घराच्या स्पीकरवरून तुझं बोलणं ऐकलं; एक बाई रोज काहीतरी म्हणते, आज मुलीचाही आवाज आला. त्यांना वाटलं पाहुणे. बूट ठेवले. भाड्याने मिळतात तिकडे.

"आणि लाल?"

"मुलींना लालच देतात."

"आणि एकतीस अंश?"

"गरम देशातली माणसं येणार म्हणून. उलट चांगलीच आहेत की ती." त्याने भात कालवला. "उद्या कॅन्सल करून टाक. संपलं."

शुक्रवारी तिने कॅन्सल केलं. पान बंद करून उघडलं तर पाहुणे दोन. तिने पाच वेळा कॅन्सल केलं, पाचही वेळा तेच. शेवटी तिने लोरेनला लिहिलं: सात नंबरचं बुकिंग चुकून झालं आहे, असे कोणी पाहुणे नाहीत, हा आमच्या भाषेतला निरोपाचा शब्द आहे.

गावात रात्रीचा एक वाजला होता. उत्तर लगेच आलं. "शब्द कुठला ते आम्हाला माहीत आहे. रोज ऐकतो."

तिने लिहिलं, "ऐकतो म्हणजे कोण?"

"दोन महिने रोज रात्री तू येते म्हणतेस. आधी कुणीकुणी ऐकायचं. आता सगळं गाव ऐकायला येतं. दुसरं कोणीच तसं म्हणत नाही आता."

आणि थोड्या वेळाने, "मुलीने तर किती छान म्हटलं."

सुनेत्राला आधी भीती नाही वाटली, संताप आला. माझ्या पोरीचं नाव घ्यायचं काम नाही, असं तिने मराठीतच टाइप केलं, मग पुसलं. त्यांना मराठी कळत असेल, या विचाराने तिने मेसेजची खिडकीच बंद केली. लगोलग तिने कंपनीला राजीनामा पाठवला. पुढचा शुक्रवार शेवटचा, तोवर काम करा, असं उत्तर आलं. आता ऑफिसातून करते असं म्हणायला हवं होतं. पण मैत्रेयीला दुपारी घरी कोण, हा प्रश्न होताच. शिवाय समोर दिसतंय तोवर निदान कळतं तरी काय चाललंय, असंही तिला वाटलं. न बघण्याची हिंमत नव्हती तिच्यात.

त्या संध्याकाळपासून घरात नवा नियम झाला. आईच्या कामाच्या खोलीत यायचं नाही. आणि येते म्हणायचं नाही.

"बट यू ऑल्वेज स्कोल्ड मी टु से इट," मैत्रेयी म्हणाली.

"आता नाही म्हणायचं. कधीच नाही. कळलं?"

"देन से व्हॉट?"

"काही नको म्हणूस," सुनेत्रा म्हणाली.

६

सोमवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिथल्या रात्री दोनला, तिला मुख्य रस्त्याच्या कॅमेऱ्यात माणसं दिसली.

एरवी त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. त्या रात्री चाळीसेक तरी असतील. म्हातारे होते, बायका होत्या, एकाच्या कमरेला हॉटेलातला एप्रन तसाच होता. सगळ्यांच्या हातात फावडी. बर्फ पडत होता आणि ते पडतापडता उपसत होते, मुख्य रस्त्यापासून सात नंबरच्या दिशेने, रांगेत, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. थंडीत तोंडातून वाफ येते हे सुनेत्राने दोन वर्षांत हजारदा पाहिलं होतं. या माणसांच्या तोंडातून वाफ येत नव्हती. कॅमेरा जुना आहे, ती स्वतःला म्हणाली. लांबून दिसत नसेल.

मग एकाने फावडं थांबवलं. शेजारणीने थांबवलं. रांगच्या रांग थांबली आणि एकेक करत सगळ्यांनी माना वर केल्या. कॅमेऱ्याकडे.

त्यांच्या बघण्यात कुतूहल नव्हतं. ताटं वाढून झाली आहेत, सगळं गार होत चाललंय आणि येणारा अजून आला नाही, अशा घरातली माणसं दाराकडे बघतात तसं ते बघत होते. किती वेळ, तिने मोजलं नाही. पुढच्या ओळीत एक जाडसर बाई होती, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. तिचं तोंड हललं. या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, पण शब्द लहानच होता. ओठ आधी फाकले, मग थोडे उघडे राहिले.

ये.

सुनेत्राने स्क्रीन पालथी घातली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्ही लावला, मोठ्या आवाजात. अजून दोन तासांची पाळी होती. कुणी विचारलं नाही.

७

बुधवारी तिने काय ते एकदाचं बोलून टाकायचं ठरवलं. मैत्रेयी ट्यूशनला गेलेली. तिला ती स्वतः समोरच्या ब्लॉकपर्यंत सोडून आली होती. सात नंबरचा आतला कॅमेरा काळा झाला होता. तो पाहुणे आल्यावर बंद होतो. पण थंडीनेही बिघडतो. तिने दुसरं कारण धरलं.

स्पीकर उघडून ती आधी इंग्रजीत बोलली, स्वच्छ, ऑफिसच्या आवाजात: हे बुकिंग रद्द आहे. हिरवी पट्टी ढिम्म. पुन्हा बोलली. ढिम्म. शब्द ज्या भाषेत दिला त्याच भाषेत मागे घ्यावा लागणार, हे तिला कळून चुकलं.

"हे बघा," ती मराठीत म्हणाली, आणि पट्टी हलली. ती स्क्रीनजवळ सरकली. "हे बघा, आमच्यात निघताना येते म्हणतात. जाते म्हणणं बरं नसतं म्हणून. त्याचा अर्थ येणार असा नसतो."

बोलताबोलता तिलाच ते लंगडं वाटलं. येणार नसताना येते म्हणणारी माणसं आम्ही, असंच सांगत होतो की आपण. त्या गावाला दोन वर्षं तेच तर ऐकावं लागलं होतं.

"मी येत नाही," ती म्हणाली. "ऐकताय ना? मी येणार नाही. कधीच येणार नाही. आणि ती लहान आहे. तिला काही कळत नाही. मी म्हण म्हटलं म्हणून ती म्हणाली. तिला सोडा."

पट्टी पूर्ण भरली आणि विझली. पलीकडे कुणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. एकाने नव्हे, खूप जणांनी.

बुकिंगच्या पानावर दोनाचा एक झाला होता.

सुनेत्रा टेबलावर डोकं ठेवून रडली. एक, म्हणजे पोर सुटली. मोठ्या माणसाचा शब्द ते धरून बसणार, लहान मुलीचा कशाला धरतील. उरले ती मी, आणि माझं मी बघून घेईन. शुक्रवारी लॅपटॉप परत केला की कॅल्डरशी संबंध संपला. तिकीट काढून तिकडे जायला काय मला वेड लागलंय.

त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. प्रबोध म्हणाला, "बघ, सांगितलं की ऐकतात माणसं."

८

शुक्रवार. शेवटची दुपार. लख्ख ऊन पडलं होतं. मैत्रेयी सव्वादोनला आली, धप् धप्, "आई, आले." सुनेत्राने तिला उपमा दिला, तिच्या शाळेतल्या भांडणाची लांबलचक हकिकत ऐकली. सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की चार वाजता पोरीला सोडायला खाली जायचं तिच्या डोक्यातून निघून गेलं. ती शेवटचा रिपोर्ट लिहीत होती. मैत्रेयी बाहेरच्या खोलीत दप्तर भरत होती. नियमाप्रमाणे ती आईच्या खोलीत आली नाही. नियमाप्रमाणे येते म्हणाली नाही.

"आई," ती दारातून ओरडली, "जाते."

सुनेत्राची बोटं थांबली. दाराची जाळी वाजली.

"मैत्रेयी, थांब. असं नाही म्हणायचं."

ती धावत बाहेर गेली. लांबलचक कॉरिडॉर उन्हात भाजत होता. दोन्ही टोकांपर्यंत कुणी नव्हतं. लिफ्टचा आकडा तळमजल्यावर होता आणि हललेला नव्हता. एवढ्यात कुठे जाईल, ती स्वतःशी म्हणाली. जिन्याने गेली असेल. धावत गेली असेल. मग तिचं लक्ष रॅककडे गेलं. मैत्रेयीचे पांढरे बूट रॅकवर होते. जांभळ्या सँडल्सही होत्या. आंघोळीच्या चपलासुद्धा. पोरीकडे पायात घालायला चौथं काही नव्हतं.

रॅकपुढच्या फरशीवर ओल होती, दोन लहान बुटांच्या तळव्यांइतकी. मधे बोटभर काहीतरी पांढरं पडलेलं होतं. ती वाकली, हात लावला, आणि ते बोटावर विरघळलं.

मग आत, बेडरूममधून, आवाज आला.

धप् धप्.

सुनेत्रा खोलीत आली तेव्हा स्क्रीनवर फक्त सात नंबरचं घर होतं. बाकीची नऊ घरं तिथे नव्हतीच. ओसरीतला दिवा लागलेला. दार नुकतंच लागत होतं आणि त्या फटीतून उजेड आणि खूप जणांचे पाय दिसत होते, दाटीवाटीने उभे, कुणीतरी आत आल्यावर जागा करून मागे सरकावेत तसे. दार लागलं. स्पीकर तिने उघडलेला नव्हता. तो उघडा होता.

बुकिंगच्या पानावर पाहुणे एक होते. तिने आपला शब्द मागे घेतला होता. पोरीचा तिला घेता येणार नव्हता. तो पोरीपाशीच राहिला होता, आणि ती तो पाळायला गेली होती.

"आई," स्पीकरमधून मैत्रेयी म्हणाली, रोजच्या आवाजात. "आले."

नंतर काही नाही. ती उत्तराची वाट बघत होती. रोज आतून उत्तर येतं, हात-पाय धू, दूध ठेवलंय, असं काहीतरी. पलीकडची ती भरगच्च शांतता पुन्हा सुरू झाली, श्वास धरलेली, आणि तिच्या मधोमध एक लहान आवाज म्हणाला, "आई?"

सुनेत्रा टेबलावर वाकली, दोन्ही हातांनी तिने स्क्रीन धरली. या वेळी निरोपाचं त्यात काहीही नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "घाबरू नकोस. मी येते."

हिरवी पट्टी भरली. पानावर एकाचे दोन झाले. अकरा मजले खाली, लिफ्ट वर यायला निघाली.